न घेतलेल्या डोसचं सर्टिफिकेट

मी सुईला घाबरतो. हे वाक्य लिहायला मला पंचावन्न वर्षं लागली, म्हणून ते पहिल्यांदाच लिहून टाकतो. उंची सहा फूट एक इंच, मिशा भरघोस, आणि ऑफिसात माझा आवाज लिफ्टपर्यंत ऐकू जातो. पण सुई दिसली की माझ्या पायांतलं बळ जातं. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत लस टोचणारे आले होते, तेव्हा मी तिसरीच्या वर्गाच्या खिडकीतून उडी मारून शेतात पळालो होतो. त्यानंतर मी दिल्लीपर्यंत आलो, सेक्शन ऑफिसर झालो, द्वारकेत फ्लॅट घेतला, पण मनातून मी अजून त्या शेतातच होतो.

माझा लशीवर विश्वास नाही असं मात्र कुणी समजू नये. तसल्या लोकांचा मला भयंकर राग. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी लशीबद्दल काही आचरट पाठवलं, तर मी त्याला असा झोडपायचो की तो ग्रुप सोडून जायचा. लस सगळ्यांनी घेतलीच पाहिजे, जे घेणार नाहीत त्यांच्यावर सक्ती केली पाहिजे, हे माझं ठाम मत होतं. सगळ्यांनी म्हणजे मी सोडून सगळ्यांनी, एवढं फक्त मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात मला आणि नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, कोविड होऊन गेला. त्यानंतर तीन महिने थांबायला सांगितलेलं, ते तीन महिने मी मजेत काढले. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कॅम्प लागला आणि नंदानं मला पुढे घालून नेलं. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. टेबलावरच्या मुलीनं माझं आधार कार्ड बघून लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं आणि मला पडद्याकडे पाठवलं. पडदा जरा सरकलेला होता. आतला ट्रे मला दिसला.

"पाणी पिऊन येतो," असं म्हणून मी बाहेर आलो. येताना कपाळाचा घाम पुसायला टेबलावरच्या डब्यातून कापसाचा बोळा उचलला. बॅडमिंटन कोर्टाजवळच्या बाकावर बसलो. पाच मिनिटांनी परत जायचं असं मी ठरवलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण चौथ्या मिनिटाला फोन वाजला. प्रिय दादाराव, आपला पहिला डोस यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे, पुढचा डोस चौऱ्याऐंशी दिवसांनंतर. त्या मुलीनं बहुधा रांगेतल्या सगळ्यांची नावं एकदमच पुढे सरकवली होती.

खरं तर तिथेच उठून आत जायचं आणि सांगायचं, बाई, माझं राहिलंय. त्याऐवजी माझा जीव भांड्यात पडला. नंदा दंड चोळत बाहेर आली. "झालं तुमचं?" तिनं विचारलं. मी फोन दाखवला आणि तोच घामाचा बोळा दंडावर दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी नंदा तापानं फणफणली. मी रजा टाकून खिचडी केली, तिच्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. ती म्हणाली, "तुम्हाला कसं काहीच होत नाही हो?" मी म्हणालो, "माझी प्रकृती आधीपासून दणकट." हे वाक्य आठवलं की अजूनही मला माझी लाज वाटते.

खरी अडचण रविवारी आली. द्वारकेत आम्ही विदर्भ-मराठवाड्याकडची चाळीसेक बौद्ध कुटुंबं आहोत, बहुतेक सरकारी नोकरीतली. कोविडपासून आमची रविवारची वंदना फोनवर व्हिडिओ कॉलवरून चालायची. एकानं पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी आपापले माइक बंद ठेवून घरी मागे म्हणायचं. आवाज मोठा म्हणून पुढे म्हणायचं काम माझ्याकडे. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं शील नीट झालं. चौथं आलं, खोटं बोलणार नाही हे. माझ्या अंगठ्यानं आपोआप माइक बंद केला. मी नुसते ओठ हलवले, बाजूला नंदा डोळे मिटून मोठ्यानं म्हणत होती, आणि पाचव्याला मी माइक परत सुरू केला.

"दादाराव, मध्ये आवाज कटला बरं का," आमचे सगळ्यांत वडीलधारे शांतारामजी वंदनेनंतर म्हणाले. "नेटवर्क बघा जरा."

पुढचे पाच रविवार माझं नेटवर्क बरोबर चौथ्या शीलालाच जायचं. पाचव्या रविवारी शांतारामजींनी मला कंपनी बदलण्याचा सल्ला दिला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसात आदेश आला. पंधरा तारखेपर्यंत ज्यांचा निदान एक डोस झालेला नाही, त्यांना सोळापासून आत घ्यायचं नाही, त्यांची रजा धरायची. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या आमच्या ऑफिसात प्रशासनाची फाइल माझ्याकडे, म्हणजे ही यादी करणार मी. एक्केचाळीस माणसं. रिवाजाप्रमाणे पहिलं नाव सेक्शन ऑफिसरचं, समोर डोसची तारीख, मागे सर्टिफिकेटची प्रत. मी स्वतःच्या सर्टिफिकेटवर 'पडताळून पाहिले' असं लिहून स्वतःच सही केली. माझ्या नोकरीत मी याहून निर्लज्ज सही केलेली नाही.

त्याच आठवड्यात नागपूरहून समताचा फोन आला. ती आमची एकुलती एक मुलगी. पहिलं बाळंतपण आमच्याकडे, तारीख नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. चौदाला संध्याकाळच्या विमानानं ती येणार होती.

"आई, डॉक्टर म्हणाल्या घरातल्या सगळ्यांचं व्हॅक्सिनेशन झालेलं पाहिजे. बाळाला तर लस नसतेच ना, मग आजूबाजूच्यांनीच सांभाळायचं."

"आमचं झालंय की," नंदा स्पीकरवर म्हणाली. "बाबांचं सर्टिफिकेट तर तुझ्याकडे आहेच."

"हो, ते तर मी कधीच सेव्ह केलंय."

मी गॅलरीत गेलो. खाली मेट्रो जात होती. एप्रिलमध्ये आमच्या मजल्यावरच्या दोन घरांतून माणसं गेली होती, आणि मी या हातांनी त्यांच्या दाराशी डबे ठेवले होते. आता त्याच हातांनी मी समताच्या बाळाला उचलणार होतो. मी रोज ऑफिसात जातो, मेट्रोत उभा राहतो, चाळीस माणसांच्या फायली हाताळतो. घरात काही आलं असतं तर ते माझ्याच पायांनी आलं असतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा सुईपेक्षा दुसऱ्या कशाची तरी भीती जास्त वाटली.

पण आता घ्यायची म्हटलं तरी कशी? पोर्टलवर माझा पहिला डोस झालेला. दुसरा एकवीस नोव्हेंबरच्या आधी मिळणार नाही. बाळ तोवर घरात आलेलं असणार. दुसऱ्या ओळखपत्रावर नव्यानं नाव घालावं असंही एकदा मनात आलं, पण मग एक खोटं झाकायला दुसरं खोटं. खरं सांगणं हाच एक रस्ता उरला होता, आणि तेरा तारीख उजाडली तरी माझं तोंड उघडत नव्हतं.

त्या तेरा तारखेला यादी पूर्ण झाली. चाळीस 'हो' आणि एक 'नाही'. 'नाही'वाला बलजीत, आमच्या सेक्शनचा दफ्तरी, बहादुरगडजवळच्या एका गावाहून रोज येणारा. फायली बांधणं, नोंदवणं, पोचवणं हे त्याचं काम. वीस वर्षांत त्याच्या हातून एक कागद हरवला नाही. मी त्याला आत बोलावलं आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू झालो. सरकारी नोकर असून शोभतं का, इतर लोक काय म्हणतील, सोळा तारखेपासून गेटवर अडवतील तेव्हा माझ्याकडे यायचं नाही.

तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "साहब, मई में भाभी को सुई लगी थी. आठवें दिन चली गई."

"अरे, पण तिला आधीपासून हृदयाचा त्रास होता असं तूच सांगितलं होतंस ना?" मी हिंदीत विचारलं.

"जी. दस साल से. डॉक्टर ने भी यही बोला, कि दिल से गई, टीके से नहीं. मैं भी समझता हूँ. पर सुबह निकलता हूँ तो अम्मा दरवाज़े में हाथ जोड़ के खड़ी हो जाती है. और सच बोलूँ साहब? डर मुझे भी लगता है."

तो पुढे म्हणाला, "एक आदमी है उधर, बिना लगवाए सर्टिफिकेट दिला देता है. कई लोगों ने लिया. मैंने मना कर दिया. आपके पास झूठा कागज़ कैसे लाऊँ? आप तो पड़ताल कर के साइन करते हो."

माझ्या टेबलावर ती फाइल उघडी होती, वरच माझं सर्टिफिकेट. मी उठलो, केबिनचं दार लावलं, आणि तिसरीच्या वर्गाच्या खिडकीपासून कापसाच्या बोळ्यापर्यंत सगळं त्याला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बायकोला सांगता येत नव्हतं, पोरीला सांगता येत नव्हतं, आणि हा माणूस समोर खरं बोलून उभा होता.

बलजीत आधी माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोंडावर हात धरला. मग तो खाली स्टुलावर बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. वीस वर्षांत तो माझ्यासमोर पहिल्यांदा बसला होता.

"साहब, आप? इतने बड़े आदमी?"

"सुई को क्या पता, बड़ा कौन छोटा कौन," मी म्हणालो. माझं हिंदी असंच आहे.

त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "तो चलो साहब. दोनों साथ में लगवाते हैं. जो होगा, दोनों को होगा." आठवडाभर मी त्याला आदेशाचे नंबर ऐकवत होतो, सहसचिवांची भीती घालत होतो. त्यातलं काहीच त्याच्या कामी आलं नव्हतं. मलाही भीती वाटते, एवढंच ऐकायचं बाकी होतं त्याचं.

चौदाला दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ब्लू लाइन पकडून द्वारकेला आलो. आमच्या सेक्टरच्या दवाखान्यात तीन वाजता पोचलो. बलजीतचं नाव सरळ चढलं. माझं घातल्यावर सिस्टर म्हणाली, "अंकल, आपका तो हो चुका है. नवंबर में आइए."

मी खिशातून अर्ज काढला. तीस वर्षं मी दुसऱ्यांकडून स्पष्टीकरणं मागवत आलो, त्यामुळे स्वतःचं लिहायला वेळ लागला नव्हता. तीन प्रतींत, मुद्देसूद. अधोहस्ताक्षरी दिनांक एकोणतीस ऑगस्ट रोजी लस न घेताच निघून गेला, नोंद चुकीची असल्याचे त्यास तत्क्षणी ठाऊक होते, यात अन्य कोणाचाही दोष नाही. सिस्टरनं तो डॉक्टरबाईंकडे नेला. बाई तिशीच्या असतील. त्यांनी अर्ज वाचला, माझ्या मिशांकडे पाहिलं, परत अर्ज वाचला.

"शर्म नहीं आई आपको?"

"आई," मी म्हणालो. "तभी आया हूँ."

त्यांनी मला चांगलं दहा मिनिटं धुतलं. मी ऐकून घेतलं, कारण एकही शब्द खोटा नव्हता. मग त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला, बराच वेळ बोलल्या, आणि फोन ठेवून सिस्टरला विचारलं, "शीशी में कितने बचे हैं?" लशीच्या एका बाटलीत दहा जणांपुरते डोस असतात. बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं. त्या दिवशी आठ जण येऊन गेले होते. बलजीत नववा. चार तास संपायला वीस मिनिटं होती आणि अकरावं कुणी दारात नव्हतं, दहावंही नव्हतं.

"फेंकने से तो अच्छा है," बाई म्हणाल्या. "अर्जी मैं ऊपर भेज रही हूँ, पोर्टल ठीक होता रहेगा. बैठिए. और इस बार पानी पीने मत जाइएगा."

आधी बलजीतनं घेतली. त्यानं डोळे मिटले होते, ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मग मी बसलो. बलजीतनं मागून माझे दोन्ही खांदे धरले, फायलींचा गठ्ठा धरतो तसे घट्ट. "साहब, इधर देखो, मेरी तरफ़. यादी में कितने नाम हैं?" मी म्हणालो, एक्केचाळीस. "पहला कौन?" मी माझं नाव सांगेपर्यंत सिस्टर म्हणाली, "हो गया."

एवढंच? पंचावन्न वर्षं मी एवढ्याशाला घाबरत होतो? मी तिला दोनदा विचारलं की खरंच टोचलं ना. तिनं मला कापसाचा बोळा दिला. या वेळी त्यावर रक्ताचा एक ठिपका होता, आणि तो ठिपका बघून मला एवढा आनंद झाला की मी तो बलजीतला दाखवला. अर्धा तास आम्ही बाकावर बसून होतो. बलजीतनं घरी फोन लावला. "अम्मा, लगवा लिया. हाँ, ठीक हूँ. साहब भी साथ में हैं, साहब ने भी लगवाया." पलीकडून काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण तो म्हणाला, "हाँ, रो मत." नंतर मोबाइल खिशात ठेवता ठेवता त्यानं एकदा बाहीनं नाक पुसलं.

घरी जायच्या आधी मी बॅगेतून यादीची प्रत काढली. माझ्या नावापुढची ऑगस्टची तारीख खोडली, चौदा ऑक्टोबर लिहिली, बाजूला सही केली. अर्जाची तिसरी प्रत मागे जोडली. पुढे सोमवारी त्यावरून मला लेखी ताकीद मिळाली. ती मी स्वतःच माझ्या सेवापुस्तिकेला लावली, आणि कुठलाही कागद फाइलला लावताना मला इतकं हलकं वाटलेलं नाही.

आठ वाजता समता आली. तिचं पोट बघून नंदाला रडू आलं, मला थंडी वाजायला लागली होती. जेवायच्या टेबलावर मी लांबच्या खुर्चीत मास्क लावून बसलो आणि सांगून टाकलं. नंदाच्या हातातला वरणाचा चमचा तसाच राहिला.

"म्हणजे मी दोन दिवस तापानं फणफणत होते," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही मला सांगत होता की तुमची प्रकृती दणकट."

"हो."

"आणि मी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं की आमच्या ह्यांना काही झालं नाही!"

मला समताचीच जास्त धास्ती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, न सांगता तुम्ही बाळाला घेतलं असतं?"

"नाही बेटा. तेच जमेना. म्हणून तर गेलो."

तिचे डोळे भरले. मग एकदम ती हसायला लागली, पोट धरून. "अरे यार बाबा, तुम्हाला माहितीये का, तुमच्या त्या सर्टिफिकेटवर माझ्या सासऱ्यांनी लस घेतली! ते ऐकतच नव्हते. मी सर्टिफिकेट दाखवून म्हटलं, माझे बाबा सुई बघून चक्कर येऊन पडतात, त्यांनी घेतली, मग तुम्हाला काय धाड भरलीय?"

"मी सुईला घाबरतो हे तुला माहीत होतं?"

"लहानपणी मला इंजेक्शन द्यायचं असलं की तुम्ही गाडी पार्क करायला जायचात. अर्धा अर्धा तास. सगळ्यांना माहितीये, बाबा."

मी नंदाकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. जे मी पंचावन्न वर्षं लपवलं ते माझ्या घरात कुणापासूनच लपलेलं नव्हतं. नंदा म्हणाली, "आता व्याह्यांना फोन करा. आत्ता." मी नागपूरला भालचंद्ररावांना फोन लावून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "दादाराव, माझं तर टोचून झालं. आता काय ते बाहेर काढता येतंय थोडंच!" आणि एवढ्या जोरात हसले की मी फोन कानापासून दूर धरला.

मला ताप भरला. एकशे एक. नंदानं थर्मामीटर बघितलं, गोळी दिली, अंगावर दुसरी चादर टाकली आणि तशीच रागात म्हणाली, "दणकट प्रकृती." तापात इतका सुखानं मी कधी झोपलो नव्हतो.

दुसरा दिवस विजयादशमीचा, आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. सकाळपर्यंत ताप उतरला होता. दीड वर्षानं पहिल्यांदा सगळे प्रत्यक्ष जमणार होते, सोसायटीच्या हॉलच्या गच्चीवर, मोकळ्या हवेत, अंतर ठेवून. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. नंदा आणि समता मागच्या खुर्च्यांवर बसल्या. मी पुढे उभा राहिलो आणि हात जोडायला गेलो, तर डावा हात खांद्याशी ठणकला. निम्म्यावरच थांबला. मी तसाच, जेवढा जाईल तेवढा वर नेऊन जोडला.

पहिलं, दुसरं, तिसरं शील झालं. चौथं आलं. इथे माइक नव्हता आणि बंद करायला बटणही नव्हतं. मी ते पूर्ण म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की खालचा गार्ड वर बघायला लागला. मागून सगळ्यांनी म्हटलं, त्यांत मला नंदाचा आवाज वेगळा ऐकू आला. पाचवं शील म्हणताना माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत, कारण डावा हात वर जात नव्हता आणि उजवा मला सोडायचा नव्हता.

वंदना झाली, खीर वाटायला घेतली. शांतारामजी काठी टेकत माझ्यापाशी आले, हाताच्या अंतरावर थांबले आणि समाधानानं मान हलवली.

"बघा," ते म्हणाले. "आज बिल्कुल आवाज कटला नाही."